सोन्यावरचा थर: गंधकाला पर्याय शोधण्याचं एक प्रकरण

या प्रकरणात सोन्याचा दोष काहीच नाही. दोष आहे तो सोन्यावर चढवलेल्या, एका रेणूइतक्या जाडीच्या थराचा. तो टिकत नव्हता, आणि सगळ्यांना ते बऱ्याच काळापासून माहीत होतं. २०१४ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन शहरातल्या क्वीन्स विद्यापीठातून कॅथलीन क्रडन, ह्यू हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. सोन्याला धरून ठेवण्याचं काम गंधकाकडून काढून त्यांनी कार्बनकडे दिलं होतं. थर उकळत्या पाण्यातही टिकला. पुढच्या पाच-सहा वर्षांत या एका निष्कर्षाचं काय काय झालं, कुठे तो खरा ठरला आणि कुठे अडखळला, ते पाहण्यासारखं आहे.

अडचण काय होती

धातूच्या पृष्ठभागाला किंवा नॅनोकणाला (मीटरच्या काही अब्जांश, म्हणजे काही नॅनोमीटर मापाच्या कणाला) चिकटून बसणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. त्याचं एक टोक धातूला धरतं आणि उरलेला भाग बाहेरच्या जगाशी व्यवहार करतो. नॅनोकणांच्या बाबतीत तर लिगँडशिवाय भागतच नाही. उघडे कण एकमेकांजवळ आले की चिकटतात, आणि एकदा चिकटले की सुटत नाहीत. सायट्रेटने (सायट्रिक आम्लाच्या क्षाराने) बनवलेलं सोन्याचं द्रावण, म्हणजे साधारण १३ ते १५ नॅनोमीटरचे कण, माणकासारखं लाल दिसतं. कणांवर सायट्रेटचा ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. या द्रावणात मीठ टाका. मिठातले आयन तो भार झाकून टाकतात. मिठाच्या अगदी पातळ द्रावणात विद्युत् अपकर्षणाचा पल्ला दहा नॅनोमीटरच्या घरात असतो. रक्ताइतक्या खारट द्रावणात तो एक नॅनोमीटरच्याही खाली येतो. कण भिडतात आणि काही क्षणांत लाल रंगाचा निळा-जांभळा होतो. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अशा द्रावणांबद्दल व्याख्यान दिलं, त्यात मिठाने होणारा हा रंगबदल आहे. त्याने बनवलेल्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

म्हणजे निव्वळ भारावर विसंबून चालत नाही. सोन्याला घट्ट धरणारं काहीतरी हवं. ते काम गंधकाने केलं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत राल्फ नुझो आणि डेव्हिड अलारा यांनी दाखवलं की गंधक असलेले सेंद्रिय रेणू सोन्याच्या पातळ पत्र्यावर स्वतःहून शिस्तीत उभे राहतात. त्यासाठी त्यांनी डायसल्फाइड वापरले होते; पुढे थायॉल, म्हणजे टोकाला गंधक-हायड्रोजन जोडी असलेले रेणू, रूढ झाले. सोन्याच्या सर्वांत दाट पृष्ठभागावर दोन शेजारी थायॉलांमध्ये अर्धा नॅनोमीटर अंतर राहतं, एका चौरस नॅनोमीटरवर साधारण साडेचार रेणू मावतात. खास उपकरण लागत नाही. काचेच्या भांड्यात अल्कोहोल, त्यात थोडं थायॉल, त्यात सोनं चढवलेली काच बुडवून रात्रभर ठेवायची. सकाळी थर तयार.

नॅनोकणांसाठी हीच युक्ती १९९४ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठात मथियास ब्रुस्ट, डेव्हिड शिफ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. सोन्याचं क्षार पाण्यातून टोल्युइनमध्ये ओढायचं, त्यात डोडेकेनथायॉल टाकायचं आणि सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करायचं, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन क्षारातून धातू मोकळा करायचा. एक ते तीन नॅनोमीटरचे कण मिळतात, आणि ते वाळवून पूड करून ठेवता येतात, पुन्हा विरघळवता येतात. आधीच्या सोन्याच्या द्रावणांना वाळवणं म्हणजे त्यांचा शेवटच असे. दोन पानांच्या त्या टिपणाने नॅनोकणांना साध्या रासायनिक पदार्थासारखं हाताळायची सोय केली, म्हणून त्याचं महत्त्व मला पुढच्या कितीतरी जाडजूड निबंधांपेक्षा जास्त वाटतं.

मग बिघडलं कुठे? तीन ठिकाणी. पहिलं, हवा. उघड्यावर ठेवलेल्या थायॉलच्या थरातलं गंधक हळूहळू ऑक्सिजन घेतं, सल्फोनेट बनतं आणि सोन्यावरची पकड सोडतं. ओझोन आणि उजेड असला तर हे आणखी लवकर होतं. दुसरं, उष्णता. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की थर सैल पडू लागतो. गरम सेंद्रिय द्रावकात त्याआधीच. तिसरं कारण जैविक वापरात सर्वांत जाचक. आपल्या पेशींत ग्लुटाथायॉन नावाचा रेणू असतो, तोही मिलिमोलर, म्हणजे चांगल्या भरपूर प्रमाणात, आणि तो स्वतःच एक थायॉल आहे. कष्टाने एखादं औषध थायॉलच्या टोकाला बांधून नॅनोकणावर बसवावं आणि पेशीत शिरल्यावर ग्लुटाथायॉनने त्याला ढकलून स्वतः जागा घ्यावी, असं होतं. गंधक-सोनं बंध पक्का असला तरी तो सतत सुटत-जुळत असतो. थर नीटनेटका बसण्याचं कारण हेच आणि तो उठून जाण्याचं कारणही हेच.

संशोधनाच्या टेबलावर हे चालून जातं. नमुना ताजा बनवायचा, दोन दिवसांत मोजमाप उरकायचं. पण एखाद्या निदान-उपकरणाची चिप गोदामात सहा महिने पडून राहणार असेल, उन्हाळ्यात ट्रकमधून जाणार असेल, तर हा थर भरवशाचा नाही. किंग्स्टनच्या निबंधाच्या पहिल्या काही ओळींतच हे नोंदवलं आहे: थायॉलच्या थरांची ऑक्सिडेशन आणि उष्णता यांपुढची दुर्बलता सर्वांना ठाऊक आहे आणि तीच व्यापारी वापराच्या आड येते.

कार्बीन कुठून आला

कार्बीन म्हणजे असा कार्बन, ज्याच्याभोवती आठऐवजी सहाच संयुजा इलेक्ट्रॉन असतात: दोन बंध आणि एक मोकळी जोडी. असा कार्बन अधाशी असतो, समोर येईल त्यावर तुटून पडतो. म्हणून बराच काळ कार्बीन म्हणजे क्षणभर जगणारा मध्यस्थ, एवढीच त्याची ओळख होती. १९९१ मध्ये ड्युपाँट कंपनीत अँथनी आर्डुएंगो यांच्या गटाने एक कार्बीन चक्क स्फटिकरूपात वेगळा काढला. तो पाच सदस्यांच्या कड्यात होता, त्याच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन होते आणि नायट्रोजनांवर ॲडमंटिलसारखे धिप्पाड गट. दोन्ही नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन कार्बनच्या रिकाम्या कक्षेत ओततात, त्यामुळे त्याची भूक भागते. हवा आणि ओल दूर ठेवली तर तो पदार्थ २४० अंशांपर्यंत तापवला तरी विघटित न होता वितळतो.

या कुळाला एन-हेटेरोसायक्लिक कार्बीन म्हणतात. इथे नुसतं कार्बीन म्हणू. धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देण्यात हे रेणू फॉस्फिनांनाही, म्हणजे फॉस्फरसने धातूला धरणाऱ्या जुन्या लिगँडांनाही, मागे टाकतात. उत्प्रेरकांच्या रसायनशास्त्राने त्यांना लगेच उचललं. रसायनशास्त्रज्ञ ग्रब्स यांच्या दुसऱ्या पिढीच्या रुथेनियम उत्प्रेरकात हेच लिगँड आहे. पण ते सगळं एकेका धातू-अणूभोवतीचं काम होतं. सपाट धातूचा अख्खा पृष्ठभाग हा वेगळा मामला, आणि पृष्ठभाग-रसायनाची माणसं व सेंद्रिय संश्लेषणाची माणसं सहसा एकमेकांच्या चहापानाला जात नाहीत. क्रडन सेंद्रिय आणि उत्प्रेरकांच्या बाजूच्या, हॉर्टन पृष्ठभागांच्या बाजूचे. एकाच विद्यापीठातले हे दोघे एकत्र आले, हे या प्रकरणातलं निम्मं रहस्य असावं असा माझा अंदाज आहे.

ते पहिले मात्र नव्हते. नॅनोकणांवर कार्बीन बसवायचे प्रयत्न २००९-१० च्या सुमारास सुरू झाले होते. सपाट सोन्यावरही २०११ मध्ये जर्मनीतून आणि २०१३ मध्ये एमआयटीतल्या जेरेमाया जॉन्सन यांच्या गटाकडून काम आलं होतं. किंग्स्टनने जे केलं ते वेगळ्या अर्थाने महत्त्वाचं: त्यांनी थराचा पद्धतशीर छळ केला.

थराची परीक्षा

कार्बीनचा सांगाडा निवडताना त्यांनी बेन्झिमिडाझोल घेतला, म्हणजे पाच सदस्यांच्या कड्याला बेन्झिन जोडलेलं, आणि दोन्ही नायट्रोजनांवर आयसोप्रोपिल गट. इतर सांगाडेही तपासले. सर्वाधिक टिकाऊ थर बेन्झिमिडाझोलाच्या कुळातून मिळाले. चपटी बेन्झिन कडी शेजारीशेजारी रचली जातात, त्यामुळे थरात थोड्या अंतरापुरती का होईना शिस्त दिसली.

आता परीक्षा. थर चढवलेलं सोनं उकळत्या पाण्यात ठेवलं. उकळत्या सेंद्रिय द्रावकात ठेवलं. तीव्र आम्लात आणि तीव्र अल्कलीत ठेवलं. १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवलं, जे थायॉलच्या गंधकाला सोडत नाही. शून्य व्होल्टच्या वरच्या पट्ट्यात विद्युत्-विभव वरखाली केला. या प्रत्येक छळानंतर क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजून, थर जागेवर आहे का ते पाहिलं. कार्बीनमध्ये नायट्रोजन आहे, थायॉलमध्ये गंधक. त्यामुळे कोण राहिलं आणि कोण गेलं हे ओळखणं सोपं.

माझ्या मते यांतली सर्वांत निर्णायक परीक्षा पेरॉक्साइडची नाही, उकळत्या पाण्याचीही नाही. कार्बीनचा थर असलेलं सोनं त्यांनी थायॉलच्या आणि थायोइथरच्या (गंधक असलेल्या दुसऱ्या एका कुळाच्या) द्रावणात ठेवलं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सरळ आव्हान दिलं. कार्बीनने जागा सोडली नाही. ग्लुटाथायॉनचा प्रश्न डोळ्यांपुढे असणाऱ्या कुणालाही यातला अर्थ लगेच कळतो. उष्णता आणि आम्ल ही कारखान्यातली संकटं, थायॉलांची स्पर्धा ही शरीरातली.

पण या निबंधात एक गोष्ट होती जी उत्साहाच्या भरात नजरेआड होते. कार्बीन बनवण्यासाठी बेन्झिमिडाझोलियम क्षारातला एक प्रोटॉन तीव्र अल्कलीने काढावा लागतो, आणि हे सगळं हवा व ओल अजिबात नसलेल्या ठिकाणी. म्हणजे ग्लोव्हबॉक्स. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली ती काचेची पेटी, रबरी हातमोज्यांतून हात घालून काम करायचं, सतत शुद्ध वायू, सतत देखभाल. आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या रसायन विभागांत ती क्वचितच दिसते, आणि जिथे असते तिथे तिची वेळ मिळवायला रांग असते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत, म्हणजे जिथे बायोसेन्सर (जैविक रेणू ओळखणारी उपकरणं) खरोखर वापरायचे तिथे, ती नसतेच. थायॉलचं भांडं मात्र कुणीही भरू शकतं.

बरणीत ठेवता येणारं क्षार

२०१६ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या दुसऱ्या निबंधाला मी या प्रकरणाचा कणा मानतो. त्याचा बोलबाला पहिल्यापेक्षा कमी झाला. त्यात नवा बंध नाही, नवा धातू नाही. बदललं ते एवढंच की बेन्झिमिडाझोलियम क्षाराचा ऋण आयन आयोडाइडसारखा न ठेवता हायड्रोजन कार्बोनेट केला. म्हणजे आपल्या खायच्या सोड्यात असतो तो बायकार्बोनेट.

यात गंमत अशी की कार्बीन बनवण्यासाठी लागणारी अल्कली क्षाराच्या पोटातच आली. बायकार्बोनेट तो प्रोटॉन घेतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि कार्बीन मागे राहतो. क्षार घनरूपात नुसतं पडून असतं तेव्हा काही होत नाही. साध्या बरणीत, फळीवर, हवेत ठेवता येतं. वापरायच्या वेळी मिथेनॉलमध्ये विरघळवायचं आणि सोन्याची काच आत सोडायची. ग्लोव्हबॉक्स नको. थायॉलइतकी सोपी नसली तरी त्याच पंगतीतली कृती.

शिवाय घन क्षार निर्वातात तापवला तर त्यातून कार्बीनची वाफ निघते आणि ती थेट सोन्यावर बसवता येते. द्रावकाची भेसळ नाही, पृष्ठभाग अगदी स्वच्छ. त्यामुळे आधी करता येत नव्हती ती मोजमापं करता आली. पृष्ठभाग हळूहळू तापवत कार्बीन नेमक्या कोणत्या तापमानाला उठतो ते पाहिलं आणि त्याला सोडवायला लागणारी ऊर्जा पहिल्यांदा मोजली: १५८ किलोज्यूल प्रति मोल, १० ने कमी-जास्त. थायॉलांसाठी हा आकडा १२० ते १३० च्या आसपास धरतात. तीस किलोज्यूलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण सुटण्याचा वेग ऊर्जेशी घातांकी पद्धतीने जोडलेला असतो. खोलीच्या तापमानाला एवढ्या फरकाने वेगात लाखपट अंतर पडू शकतं. याच कामात कार्बीन पृष्ठभागावर आडवा नसून उभा असतो याचीही खात्री झाली.

वापर म्हणून त्यांनी पृष्ठभाग-प्लाझ्मॉन तत्त्वावर चालणारा बायोसेन्सर घेतला. काचेवर सोन्याचा पन्नासेक नॅनोमीटरचा पापुद्रा, त्यावर लिगँडचा थर, त्यावर अडकवलेली प्रथिनं. दुसरं प्रथिन येऊन चिकटलं की खालून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या कोनात फरक पडतो. प्रत्येक मोजमापानंतर चिप आम्लाने किंवा अल्कलीने धुऊन पुन्हा वापरतात. खालचा थर दर धुण्याला थोडा थोडा उठत असेल तर दहाव्या वेळचा आकडा पहिल्या वेळच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ उरत नाही. थायॉलवर बेतलेल्या प्रचलित थरांच्या तुलनेत कार्बीनच्या थराने इथे काही ठोस फायदे दाखवले.

सपाट सोन्यावरून कणांवर

इथपर्यंतची गोष्ट सरळ चढाची आहे. नॅनोकणांकडे वळलं की ती वाकडी होते, आणि मला हाच भाग जास्त रोचक वाटतो.

कागदावर तर्क सोपा: सपाट सोन्यावर थायॉलपेक्षा घट्ट बसणारा लिगँड कणावरही घट्ट बसेल. पण २०१७ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातून फ्रँक ग्लोरियस आणि हाराल्ड फुक्स यांच्या गटांनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं त्याने या तर्काला धक्का बसला. सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर कार्बीन एका जागी घट्ट बसलेला नव्हता. तो फिरत होता. कार्बीन आपल्या खालचा सोन्याचा एक अणू जाळीतून उचलतो आणि त्या अणूवर उभा राहून त्याच्यासकट पृष्ठभागावर सरकतो. लेखकांनी त्याला चेंडूवर तोल सांभाळत फिरणाऱ्या रोबोची उपमा दिली आहे. म्हणजे बंध मजबूत आहे, पण तो बंध आहे कार्बीन आणि एका सोन्याच्या अणूमध्ये. तो अणू उरलेल्या सोन्याला किती घट्ट धरून आहे, हा वेगळा प्रश्न.

गंधकही तेच करतो, हे लक्षात ठेवायला हवं. २००७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये रॉजर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने सोन्याचे १०२ अणू आणि ४४ थायॉल असलेल्या एका समूहाची स्फटिकरचना अणूपर्यंत उलगडली. तिथे गंधक सोन्याच्या गोळ्यावर सरळ बसलेला नव्हता. पृष्ठभागावरून वर आलेला सोन्याचा अणू दोन गंधकांच्या मध्ये धरलेला होता, आणि अशा कमानींनी सगळा गाभा वेढलेला होता. पृष्ठभाग हा स्थिर ओटा आणि लिगँड त्यावर ठेवलेली वस्तू, हे चित्र दोन्ही बाबतींत चुकतं.

सपाट सोन्यावर याने फारसं बिघडत नाही. एका चौरस सेंटिमीटरच्या वरच्या थरात सुमारे चौदा लाख अब्ज अणू असतात; त्यांतले काही इकडेतिकडे हलले तर हलले. पण दोन नॅनोमीटरच्या कणात एकूण अणूच अडीचशेच्या आसपास, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर. तिथे प्रत्येक लिगँडने आपापला अणू ओढायचा म्हटलं तर कण म्हणून काय उरणार? प्रत्यक्षात तेच दिसलं. काही परिस्थितींत दोन कार्बीन मिळून एका सोन्याच्या अणूला दोन्ही बाजूंनी धरतात आणि आयन म्हणून द्रावणात घेऊन जातात. कण झिजतो, लहान होतो, कधी पार नाहीसा होतो. लिगँडचा धातूशी बंध जितका मजबूत, तितका असा पळवून नेण्याचा धोका अधिक. स्थिर करायला आणलेला रेणूच कण खाऊ लागतो.

सपाट सोन्यावरही याचा एक पडसाद उमटला. नायट्रोजनांवरचे गट बदलले की रेणूची बसकण बदलते. आयसोप्रोपिलसारखा फांदी असलेला गट कार्बीनला उभं ठेवतो. मिथिल किंवा लांब सरळ साखळीचा गट असेल तर दोन कार्बीन एका अणूच्या दोन बाजूंना, पृष्ठभागावर आडवे पसरलेले सापडतात. किंग्स्टनने पहिल्याच फेरीत आयसोप्रोपिल निवडला हे त्यांचं भाग्य की अंतःप्रेरणा, कोण जाणे.

कणांच्या बाबतीत मार्ग निघाला तो सबुरीने. २०१९ मध्ये क्रडन यांच्या गटाने फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठातले हन्नू हॅक्किनेन, टोकियोतले तात्सुया त्सुकुदा आणि इतरांसोबत एक काम प्रसिद्ध केलं. अकरा सोन्याच्या अणूंचा, फॉस्फिनांनी झाकलेला एक समूह त्यांनी घेतला. सगळे फॉस्फिन काढून कार्बीन भरण्याऐवजी परिस्थिती अशी नेमली की बहुतांशी एकच जागा बदलावी. एका कार्बीनने समूहाची स्थिरता लक्षणीय वाढली. कार्बन डायऑक्साइडच्या विद्युत्-क्षपणात उत्प्रेरक म्हणूनही तो सुधारला. पाचपर्यंत कार्बीन बसवता आले, पण मग मिश्रणं मिळाली. थायॉलच्या कमानींनी वेढलेल्या समूहात फक्त गाभ्यातले अणू धातूसारखे वागतात. कार्बीन मात्र एका साध्या बंधाने थेट जोडला जातो, त्यामुळे पृष्ठभागाचा धातूपणा शाबूत राहतो. उत्प्रेरकाला तेवढंच हवं असतं.

मग थायॉल सोडायचं का?

याचं उत्तर काय करायचं आहे यावर ठरतं, आणि त्यासाठी एक घरचं उदाहरण उपयोगी पडतं. २००४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षाराचं क्षपण केलं. गोल कणांऐवजी त्यांना पातळ त्रिकोणी पत्रे मिळाले, अवरक्त प्रकाश भरपूर शोषणारे. निष्कर्ष असा होता की अर्कातले रेणू आधी बनलेल्या गोल कणांवर सैलसर बसतात, त्यामुळे कण जवळजवळ द्रवासारखे वागतात, एकत्र येतात आणि खोलीच्याच तापमानाला जुळून त्रिकोण होतात. त्या भांड्यात थायॉल किंवा कार्बीन घातला असता तर त्रिकोण झालेच नसते. कणाला घडू द्यायचं असेल तर सुरुवातीला लिगँड दुबळाच बरा.

तीच गोष्ट चाचणी-पट्ट्यांची. गर्भधारणेच्या पट्टीवर किंवा करोनाकाळातल्या अनेक अँटिजेन किटांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते. ते कण बहुधा सायट्रेटचे, त्यांवर प्रतिपिंड नुसती चिकटवलेली आणि उरलेली जागा अल्ब्युमिनने भरलेली. मजबूत रासायनिक बंध त्यात शोधायला जाऊ नये. पट्टी एकदाच वापरायची, दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं, कोरड्या पाकिटात ओलीपासून दूर राहते. तिथे कार्बीन नेणं म्हणजे किंमत वाढवणं.

कार्बीनची जागा तिथे आहे जिथे सोनं गरम होणार, ऑक्सिडेशन सोसणार, पुन्हा पुन्हा धुतलं जाणार किंवा थायॉलांच्या गर्दीत जाणार. बायोसेन्सरची चिप हे सर्वांत पिकलेलं उदाहरण. नॅनोकण शरीरात पाठवण्याच्या बाबतीत मी सावध राहीन. तिथे बंधाच्या ताकदीइतकाच कणाच्या झिजेचा हिशेब द्यावा लागेल, आणि फक्त पहिला आकडा देणारा निबंध वाचताना मी दुसरा शोधतो. झीज पाहायची तर द्रावणातला रंग पुरेसा नाही. कण चिकटले तर रंग बदलतो, पण झिजताना लाल रंग नुसता फिका होत जातो आणि पातळ झाल्यासारखा वाटतो. द्रावणात सुटलेलं सोनं वेगळं मोजावं लागतं.

पुढे या कामाचा ओढा तांब्याकडेही वळला, आणि त्यामागचं रसायन समजण्याजोगं आहे. तांब्यावर हवेत लगेच ऑक्साइडचा पापुद्रा येतो; त्यावर थायॉल बसवायचं तर आधी तो आम्लाने काढावा लागतो, आणि काढताकाढता नवा येतो. २०२० मध्ये क्रडन आणि हॉर्टन यांच्या गटांनी दाखवलं की कार्बीनचं क्षार हे दोन्ही एकाच भांड्यात करतं: ऑक्साइडचं क्षपण आणि मोकळ्या झालेल्या धातूवर थर. सूक्ष्म विद्युत्-मंडलांतल्या तारा तांब्याच्याच असतात, आणि त्या तारांच्या रुंदीशी तुलना करता एका रेणूचं आवरण जवळपास जागाच खात नाही.